मंडळीत (ख्रिस्ती चर्चमध्ये) पुढारीपणाची इच्छा धरणे हा गर्व आहे का?

नाही, मंडळीत जबाबदारीचे पद मिळावे ही इच्छा मुळातच गर्व ठरत नाही. बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात, अध्यक्षपदाची (मंडळीवर देखरेख करण्याच्या पदाची) आकांक्षा धरणारा चांगल्या कामाचीच इच्छा धरतो, असे स्पष्ट म्हटले आहे. गर्वाची कसोटी मार्कच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात सापडते. जब्दीचे मुलगे याकोब व योहान या शिष्यांनी येशूच्या गौरवात त्याच्या उजवीडावीकडच्या जागा मागितल्या आणि इतर दहा शिष्य रागावले (तो राग निव्वळ तत्त्वाचा होता असे वाटत नाही), तेव्हा येशूने मोठे होण्याची इच्छा न धिक्कारता, ज्याला पहिला व्हायचे आहे त्याने सर्वांचा दास व्हावे, असे सांगितले. मात्र नवा विश्वासणारा गर्वाने फुगण्याची भीती असल्यामुळे त्याला हे पद देऊ नये, अशी अट तीमथ्याच्या त्याच अध्यायात आहे.