थाळी उन्हात, मीटिंग सावलीत

प्रश्न : आम्ही दोघं न्यू जर्सीत राहतो. मुलगी कॉलेजला गेली, आता घर भाड्याने देऊन वर्षभर ट्रेलरमध्ये राहायचं चाललंय. माझी नोकरी पूर्ण घरून आहे. रोज दोन-तीन व्हिडिओ मीटिंग, त्यातली एक पुण्याच्या टीमबरोबर. ॲरिझोना-युटामध्ये कॅम्पग्राउंडपासून लांब, रानात मुक्काम करायची हौस आहे. नवरा म्हणतो, मोबाइलची रेंज वाढवणारा चांगला बूस्टर घेतला की झालं. खरंच होईल का?

उत्तर : नाही होणार. बूस्टर म्हणजे फुंकणी. चुलीत निखारा असेल तर फुंकून जाळ होतो, नुसत्या राखेत फुंकलं तर डोळ्यांत राख. टॉवरची जरा तरी रेंज पोचत असेल तिथेच त्याचा उपयोग. आम्ही २०१९ पासून सव्वीस फुटी ट्रेलरमध्ये राहतो आणि सगळ्यात आधी, सगळ्यात महाग घेतलेली वस्तू हीच. आता ती पलंगाखालच्या खणात आहे, शेजारी हिवाळी बूट.

मग काय घ्यायचं? एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन वाटा. एक उपग्रहाची, एक मोबाइलची. मोबाइलमध्येही तुमचे आणि नवऱ्याचे फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ठेवा. फॅमिली प्लॅनमध्ये वाचतात ते पैसे पहिल्याच डोंगराआड वसूल होतात. प्लॅन ‘अनलिमिटेड’ असला तरी हॉटस्पॉटची मर्यादा वेगळी असते. ती ओळ बारीक अक्षरात असते, चष्मा लावून वाचा.

उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंकने गाडीतून फिरणाऱ्यांसाठी योजना काढली ती मे २०२२ मध्ये. तोवर आमचं सगळं टॉवरच्या मर्जीवर होतं. त्याआधीही उपग्रहाचं नेट मिळायचं, पण ते उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर. आपण बोलायचं, थांबायचं, तेवढ्यात समोरचाही बोलायला लागलेला असायचा. स्टारलिंकचे साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे आता माणसासारखं बोलता येतं.

मात्र ते सतत फिरते असल्याने थाळीला (आमच्या घरात डिशला थाळीच म्हणतात) मोठं मोकळं आकाश लागतं, अमेरिकेत विशेषतः उत्तरेकडचं. हे मी फ्लॅगस्टाफला शिकले. जून महिना, उंच पाँडेरोसा पाइन, खाली गार सावली. आदल्या रात्री सिनेमा बघितला, एकदाही अडला नाही. सकाळी मीटिंगला बसले तर दर दोन-तीन मिनिटांनी माझा चेहरा गोठायचा, तोही तोंड उघडं असताना. कारण साधं आहे. सिनेमा पुढचा थोडा भाग आधीच उतरवून ठेवतो, पाच सेकंद नेट गेलं तरी कळत नाही. मीटिंगचं पुढचं वाक्य अजून बॉसच्या तोंडातच असतं, ते आधी उतरवणार कुठून? शेवटी ह्यांनी लांब वायर ओढून थाळी पलीकडच्या मोकळ्या जागेत, घडीच्या खुर्चीवर नेऊन बसवली. खुर्चीला दगड बांधला, कारण दुपारी वारा सुटतो. तेव्हापासून नियम एकच : थाळी उन्हात, मीटिंग सावलीत. गाडी लावण्याआधी स्टारलिंकच्या ॲपमधून फोनचा कॅमेरा आकाशाकडे फिरवून झाडं कुठे आडवी येतात ते पाहा. खोल दऱ्यांत तर झाडंही लागत नाहीत, कडेच आकाश खातात.

मोबाइलची गंमत उलटी. जानेवारीत क्वार्ट्झसाइटला या. ॲरिझोनाच्या वाळवंटातलं एवढंसं गाव, पण थंडीत आजूबाजूच्या सरकारी जमिनीवर नजर जाईल तिथवर ट्रेलर. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो जात नाही. काड्या सांगतात एसटी लागली आहे, आत शिरायला जागा आहे की नाही ते सांगत नाहीत. गर्दीत ज्यांच्या प्लॅनचा कोटा संपलेला, ते रांगेत मागे. पहाटे पाचला मात्र नेट सुसाट. मी मोठ्या फाइली तेव्हाच पाठवते.

जागा ठरवण्याआधी कॅम्पेंडियम या मुक्कामाच्या जागांच्या वेबसाइटवर लोकांनी त्या जागेबद्दल काय लिहिलंय ते वाचा. कुठल्या कंपनीची किती रेंज मिळाली हे बरेच जण लिहितात, फक्त तारीख बघा. कंपन्यांच्या रंगीत नकाशावर जाऊ नका. पोचल्यावर आधी स्पीड टेस्ट, मग लेव्हलिंग (ट्रेलर सपाट उभा करणं). आणि अपलोडचा आकडा बघा. सगळे डाउनलोड बघून खूश होतात आणि मीटिंगमध्ये दगा देतं ते अपलोड. तीन-चार एमबीपीएस टिकून मिळत असेल तर निर्धास्त बसा. मीटिंगच्या दिवशी मुक्काम हलवायचा नाही. शनिवारी हलवा, म्हणजे नेट नाही मिळालं तर पुढची जागा शोधायला रविवार हातात राहतो. अगदीच अडलात तर जवळच्या गावातली पब्लिक लायब्ररी गाठा. बंद असली तरी बऱ्याच ठिकाणी वाय-फाय पार्किंगपर्यंत येतं. मी एक आख्खा डेमो पुढच्या सीटवर बसून दिलाय.

पुण्याची मीटिंग आहे म्हणून एक सांगते. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच राज्यातला नावाहो नेशन (नावाहो आदिवासींचा स्वायत्त प्रदेश) करतो, शेजारचा युटाही करतो. युटाच्या सीमेलगतच्या पेज गावाजवळ फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा, आणि घड्याळ गुपचूप तासभर सरकतं. माझा पहाटेचा गजर तिथे एक तास आधी वाजला. आंघोळ करून, बरा कुडता घालून मी मीटिंगमध्ये एकटीच बसले होते. फोनमधली आपोआप वेळ बंद करा आणि फीनिक्सची वेळ लावून ठेवा. पुणे उन्हाळा-हिवाळा साडेबारा तास पुढे, हिशेब संपला.

प्रश्न : आमच्याकडे छतावर सोलर आणि १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या आहेत. स्टारलिंक दिवसरात्र चालेल का? (टेक्सासमधील वाचक)

उत्तर : विजेच्या बिलातल्या युनिटमध्ये मोजा. तुमच्या दोन बॅटऱ्या मिळून अडीच युनिट. मोठी थाळी ७५ ते १०० वॉट घेते, म्हणजे चोवीस तासांत दोन युनिटच्या आसपास. मग फ्रिजने काय खायचं? मिनी, म्हणजे स्टारलिंकचीच छोटी थाळी, २५ ते ४० वॉटवर भागवते, आठ तासांच्या कामाला पाव युनिट, फार तर थोडं वर. शिवाय ती थेट डीसीवर, म्हणजे बॅटरीच्याच विजेवर चालते, इन्व्हर्टर लागत नाही. पण १२ व्होल्टवर लांब वायर लावली तर थाळीपर्यंत व्होल्टेज पडतं आणि ती सारखी बंद-चालू होत राहते. आम्ही दोन दिवस थाळीला शिव्या दिल्या, दोष वायरचा होता. मध्ये व्होल्टेज वाढवणारा छोटा कन्व्हर्टर लावला आणि मिटलं. रात्री झोपताना बंद करा. तुम्ही झोपलात तरी ती जागीच असते.

प्रश्न : फोन लागला नाही की कोल्हापूरला सासूबाई जेवत नाहीत. काय करू?

उत्तर : आयफोन १४ किंवा त्यापुढचा असेल तर अमेरिकेत टॉवर नसतानाही, मोकळ्या आकाशाखाली उभं राहून उपग्रहावरून मेसेज जातो. फोटो जात नाही, चार शब्द जातात. निघण्याआधी एकदा अंगणात सराव करून घ्या. आणि त्यांना ‘फोन करते’ असं मोघम सांगू नका. ‘मंगळवार-बुधवार रेंज नाही, गुरुवारी तुमच्या सकाळी साडेआठला करते’ असं सांगा. माझ्या सासूबाई हे कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवतात. साडेआठचे पावणेनऊ झाले की त्यांचाच फोन येतो.