जमैकाला येताय? आधी कान तयार करा

किंग्स्टनच्या रुग्णालयात नर्स म्हणून यायचंय, इंग्रजीची परीक्षा पास आहात, तरी पाटवा, म्हणजे इथली इंग्रजीतून घडलेली बोली, वेगळी शिकावी लागेल का, असं तुम्ही विचारलंय. ताई, बोलायला नाही शिकलात तरी चालेल, ऐकायला मात्र शिकाच. इथले कागद इंग्रजीत असतात, पण माणूस दुखणं पाटवातच सांगतो.

'कॅन' आणि 'कान्ट' या दोन्हींचा इथे 'क्यान' होतो. पहिला आखूड, दुसरा लांब, बस्स. पहिल्या महिन्यात एक आजी म्हणाल्या, 'मी क्याऽन स्वाला.' गिळता येतंय असं समजून मी गोळी पुढे केली. शेजारच्या सिस्टरनं माझा हात धरला, कारण आजींना पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना तपासतो, ऐकताना नाही. त्यात आखूड 'आ' मराठीत नाहीच, आखूड केला की त्याचा 'अ' होतो. इथे तोंड 'आ'एवढं उघडतं आणि वेळ 'अ'एवढाच लागतो. शंका आली की 'येस ऑर नो?' असं सरळ विचारा, कुणी रागावत नाही.

हा 'य' मध्येच कुठून आला, असं मलाही वाटायचं. 'हॉट'चं इथे 'हाट' होतं, 'कॉट'चं 'काट'. मग 'कॅट'ही 'काट'च झाली असती. ती 'क्याट' होते म्हणून दोन शब्द वेगळे राहतात. तसंच 'गार्डन'चं 'ग्याऽडन'. 'बॉय'चा 'ब्वाय' होतो.

'थिंग'चं 'टिंग', 'दिस'चं 'डिस' हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. 'फेस'चं 'फिएस', 'गोट'चं 'गुओट' यांना थोडा वेळ लागतो. 'लिटल'चं 'लिक्ल' आणि 'बॉटल'चं 'बाक्ल' मात्र आधीच पाठ करून या, सलाइनची बाटली रोज मागतात. 'ह' बेभरवशाचा: 'हँड'मधला जातो, 'एग'ला येऊन चिकटतो.

सरावासाठी भाषातज्ज्ञ फ्रेडरिक कॅसिडी यांनी पाटवासाठी १९६१मध्ये मांडलेली लेखनपद्धत बघा. तिच्यात उच्चार तसंच स्पेलिंग असतं, लांब 'आ'ला दोन इंग्रजी 'ए' (aa). २०१२मध्ये आलेला बायबलचा पाटवातला 'नवा करार' तिच्याच सुधारित रूपात आहे. रोज एक पान मोठ्यानं वाचा.

आणि 'मी फुट अ हाट मी' (माझा 'फुट' दुखतोय) ऐकलं की फक्त पाऊल तपासू नका. 'फुट' म्हणजे इथे अख्खा पाय. कुठे दुखतंय ते बोटानं दाखवायला सांगा.