दोन ऑब्जेक्टना एकच डेट ऑब्जेक्ट दिला तर चालतो का, की प्रत्येक वेळी नवा बनवावा?

जावातली जुनी युटिल पॅकेजवाली डेट (java.util.Date) असेल तर सरळ नवा बनवा, कारण ती बनवल्यानंतरही बदलता येते. कन्स्ट्रक्टरमध्ये तारीख आत घेतानाही तिची कॉपी करायची आणि गेटरमधून ती बाहेर देतानाही. एकीकडेच केली तर काही उपयोग नाही.

हाच वाद मी आमच्या एका सीनियरशी घातला होता. कोड रिव्ह्यूमध्ये माझ्या प्रत्येक कॉपीवर त्यांचा शेरा असायचा, "कशाला न्यू न्यू करता? मेमरी फुकट येते का?" न्यू म्हणजे नवा ऑब्जेक्ट बनवायचा जावातला शब्द. त्या सगळ्या कॉपी कोडमधून काढून टाकायला लावल्या. मग कुणीतरी बिलाची तारीख गेटरने घेतली, तोच रेफरन्स मुदतीची तारीख म्हणून लावला आणि सेटटाइमने 30 दिवस पुढे ढकलला. ऑब्जेक्ट एकच, त्यामुळे बिलाची तारीखही पुढे गेली. टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण त्या फक्त मुदत तपासत होत्या. जानेवारीची बिलं फेब्रुवारीच्या रिपोर्टमध्ये दिसायला लागली तेव्हा सगळ्यांनी आधी टाइमझोनला शिव्या घातल्या. (जाता जाता: 30 दिवसांचे मिलिसेकंद इंटमध्ये, म्हणजे 32 बिटच्या पूर्णांकात, मावत नाहीत. गुणाकारात लाँग (64 बिटचा पूर्णांक) वापरला नाही तर तारीख उलट मागे जाते.)

आणि वाचत किती होतं? 64 बिट जेव्हीएमवर (जावा प्रोग्राम जिच्यावर चालतात ती प्रणाली) एक डेट ऑब्जेक्ट साधारण 24 बाइटचा.

जावा 8 येऊन, म्हणजे 2014 पासून, हा प्रश्नच उरायला नको होता. त्यात आलेली लोकलडेट बदलताच येत नाही, त्यामुळे ती हव्या तितक्या ऑब्जेक्टना बिनधास्त वाटा. प्लसडेज नवा ऑब्जेक्ट परत देतं. तो व्हेरिएबलमध्ये धरला नाही तर मात्र काहीच घडत नाही, नवीन मुलं इथे हमखास अडकतात.

एकाची तारीख बदलली की दुसऱ्याचीही बदलावी असंच तुम्हाला हवं असेल, तर तारीख नका शेअर करू. ती ज्या ऑर्डरची आहे ती ऑर्डर शेअर करा.

हां, कोट्यवधी नोंदी एकाच वेळी मेमरीत धरायच्या असतील तर 24 बाइटही जड होतात. तिथे तारखेचे मिलिसेकंद नुसत्या लाँगमध्ये ठेवा. आमच्या मॉड्यूलमध्ये तसलं काही नव्हतं. प्रत्येक बिलामागे डेटाबेसकडे चार-चार क्वेरी जात होत्या आणि साहेबांच्या डोळ्यांत खुपत होता तो न्यू!