एकोणीस सायकली आणि एक पंक्चर

प्रिय मावशी,

मी ३८ वर्षांची, नोकरी करणारी, सात वर्षांच्या मुलाची आई. ऑफिसला जायला म्हणून एक जुनी तीन गिअरची सायकल घेतली होती. तिच्या मागच्या चाकाच्या मधोमध असलेला हब उघडून पाहिला, आत ती इवली इवली दातेरी चक्रं एकमेकांत बसलेली दिसली आणि माझं डोकंच फिरलं. आज माझ्याकडे १९ जुन्या सायकली आहेत. त्यातल्या चालतात ३. बाकीच्या गॅलरीत, पलंगाखाली, जिन्यात. चार भावाकडे ठेवल्यात, त्या नवऱ्याला माहीत नाहीत. मुलाच्या नावाने ठेवलेली एक ठेव मी नवऱ्याला न सांगता मोडली. गेल्या आठवड्यात एक पार्सल त्याने उघडलं, आत जुना दिवा निघाला. मी ‘ऑफिसचं सामान’ म्हणाले होते. तो चिडला नाही. फक्त म्हणाला, “अजून काय काय आहे?” मी गप्प बसले.

रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर जाहिराती चाळत असते. घरकाम, ऑफिस सगळं होतं, फक्त मुलाच्या सायकलचं पंक्चर महिनाभर काढायचं राहिलंय. तोही आता मागे लागत नाही. मावशी, हा छंद आहे की आजार? आणि रविवारी एक हंबर (जुन्या इंग्लिश कंपनीची सायकल) बघायला बोलावलंय, पुढच्या चाकाला दुहेरी काड्यांचा चिमटा, मूळ रंग. विकणारा म्हणतो, आणखी एक गिऱ्हाईक येणार आहे. जाऊ का?

— सायकलवेडी

अगं सायकलवेडे,

छंद की आजार, हे मी इथे बसून ठरवणार नाही. मी डॉक्टर नाही. वस्तू साठवत राहण्याच्या विकाराला २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमपुस्तकात स्वतंत्र नाव मिळालं. त्यात ते आकडा मोजत बसत नाहीत. टाकताना जीव कासावीस होतो का, आणि घरातली जागा ज्या कामासाठी आहे त्या कामाला उरली आहे का, हे बघतात. १०० सायकली नीट मांडून, प्रत्येकीची नोंद ठेवून, येईल त्याला हौसेने दाखवणारे लोक आहेत. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तू दाखवत नाहीस, तू लपवतेस. माझ्या लेखी तुझ्या पत्रातली अडचण तिथे आहे, १९ या आकड्यात नाही.

मला या विषयातलं थोडंफार कळतं, म्हणूनच तुझं पत्र निवडलं. ती दातेरी चक्रं बघून डोकं फिरणं मला अगदी मान्य आहे. मधला गिअर सरळ, पहिला त्याहून २५ टक्के हलका, तिसरा ३३ टक्के जड, आणि हे सगळं मुठीत मावेल एवढ्या नळकांड्यात. वर्षानुवर्षं त्यात तेलाचे चार थेंब सोडले की झालं. हबच्या कवचावर बऱ्याचदा वर्ष आणि महिना कोरलेला असतो. ‘५२ ८’ दिसलं की १९५२ चा ऑगस्ट. गंजलेल्या चाकावरचा मळ अंगठ्याने पुसताना तो आकडा वर येतो, तेव्हा काय होतं हे ज्याने पुसलंय त्यालाच कळतं. (आणि तो हबचा जन्म असतो, सायकलचा असेलच असं नाही. चाकं बदललेली असतात. हे तुला माहीत असणारच, पण घ्यायच्या घाईत आपण ते सोयीने विसरतो.)

आता १९ झाल्या कशा ते बघू. मला वाटतं तू १९ सायकली विकत घ्यायला कधी निघालीच नव्हतीस. एक घेतलीस. तिच्या पॅडलच्या धुऱ्याचा एक कप, म्हणजे छर्रे बसतात ती वाटी, खराब निघाला. नवा आणलास तर तो आट्यांत बसेना, कारण त्या काळच्या रॅले कंपनीच्या सायकलींच्या आट्या इंचाला २६ आणि बाकी बहुतेकांच्या २४. मग त्या एका कपासाठी एक अख्खी मोडकी रॅले घेतली. तिचं सीट इतकं चांगलं निघालं की तिलाही मोडवेना. झाल्या दोन. टायरचंही तेच. २६ × १ ३/८ आणि २६ × १ १/४ या दोन्हींत २६ बघून ते एकाच रिमवर बसतील असं वाटतं, प्रत्यक्षात एकाच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर, दुसऱ्याच्या रिमचा ५९७. चुकीचा टायर आला, तर तो परत करण्याऐवजी त्याला साजेशी सायकल शोधायची! हसू नकोस, हे असंच होतं. या छंदात प्रत्येक खरेदीला अगदी सज्जन, तांत्रिक कारण असतं. म्हणून ‘मी उधळी नाही’ असं स्वतःला पटवणं फार सोपं जातं.

आणि रात्रीची ती चाळाचाळ. तिच्यात सायकलचा भाग थोडाच आहे. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळतो तेव्हा, दाणे थांबले की कबुतरं लवकर कंटाळतात. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ती कितीतरी वेळ दाबत राहतात. जाहिरातींचं तसंच आहे. ५० फालतू, मग एक हिरा. त्यामुळे तुला ‘इच्छाशक्ती वाढव’ असा सल्ला देण्यात अर्थ नाही. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लाव आणि ज्या शब्दांवर सूचना येतात ते शब्द काढून टाक. पहिले काही दिवस हात शिवशिवतील. शिवशिवू दे.

आता तू न विचारलेली एक गोष्ट, आणि हिच्यावर मी अडून बसणार आहे. तू या सायकलींचे रंग कुठे घासतेस? गॅलरीत? १९७० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच रंगांत शिसं असायचं. कोरड्या पॉलिश पेपरने घासलं की त्याची बारीक धूळ उडते, जमिनीवर, कपड्यांवर, खेळण्यांवर बसते आणि मुलांच्या हातांवाटे तोंडात जाते. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. किती शिसं चालेल, अशी सुरक्षित पातळी मुलांसाठी कुणालाही सापडलेली नाही. जुना रंग म्हणजे शिशाचाच, असं धरून चाल. घरात घासणं आजपासून बंद. झाडू मारू नकोस, साधा व्हॅक्यूमही लावू नकोस, दोन्ही ती धूळ पसरवतात. ओल्या फडक्याने पूस, फडकं टाकून दे. घरात बरेच दिवस घासकाम झालं असेल, तर मुलाच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांग. रक्तातलं शिसं तपासता येतं. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण हे टाळूही नकोस.

यातून एक फायदाही होतो. घासायचं नाही म्हटल्यावर तुझं निम्मं काम संपतं! जुन्या सायकलला मूळ रंग एकदाच असतो. ती घासून, पावडर कोटिंग करून, नवीकोरी चकचकीत करण्याची हौस मला कधीच फारशी कळली नाही. ७० वर्षांच्या सायकलने २ वर्षांची का दिसावं? साध्या साबणाच्या पाण्याने धू, वाळवून मेण लाव. नावाच्या स्टिकरजवळ थिनर नेऊ नकोस, अक्षरं फडक्यावर येतील. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी निघतो. मग टायर, ब्रेकचे रबर, केबल आणि ताजं ग्रीस. तुझ्या १६ बंद सायकलींपैकी काही एवढ्यावरच रस्त्यावर येतील, आणि मला शंका आहे की हे तुलाही कळतंय. एक पूर्ण झाली की ती फक्त सायकल उरते. अर्धवट आहे तोवर ती काहीही होऊ शकते. त्या ‘काहीही’चा मोह सोडणं तुला जड जातंय.

पण हे सगळं नंतर. आधी नवरा.

तो म्हणाला, “अजून काय काय आहे?” हा प्रश्न त्याने भांडण न करता विचारला, म्हणजे त्याला उत्तर हवं होतं. तू उत्तर दिलं नाहीस. आता कागद घे. सगळ्या १९ लिही, भावाकडच्या चार धरून. प्रत्येकीपुढे कुठे आहे, कितीला घेतली, तिच्यावर पुढे किती घातले. खाली मोडलेल्या ठेवीची रक्कम. आकडे आठवत नसतील तर बँकेचे उतारे काढ, अंदाजपंचे नको. तो कागद त्याच्या हातात दे, आणि मुलगा झोपल्यावर दे. देताना भाषण करू नकोस. विशेषतः ‘ही गुंतवणूक आहे’ हे वाक्य उच्चारू नकोस. तसल्या साध्या रोजवापराच्या सायकली कारखान्यांनी लाखांनी काढल्या. क्रोम, रंग आणि सुट्या भागांवर घातलेले पैसे त्या क्वचितच परत देतात. त्यालाही हे कळतं, तुलाही कळतं.

तो चिडेल. चिडू दे. त्या चार सायकली कुठे आहेत यापेक्षा तुझ्या भावाला माहीत होतं आणि आपल्याला नव्हतं, हे त्याला जास्त लागेल. भावाला आधी फोन करून सांग की आता लपवायची गरज नाही. त्या बिचाऱ्याची या खोटेपणातून सुटका कर.

ठेव परत भरायची आहे, तीही सायकली विकूनच. पगारातून भरलीस तर भुर्दंड सगळ्या घराला पडेल. कुठल्या विकायच्या? ज्या सुट्या भागांसाठी घेतल्यास त्या आधी, शक्य तर एकत्र, दुसऱ्या एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याला. ज्यांचे तुकडे झालेत, त्यांचे भाग वेगवेगळ्या पिशव्यांत घालून चिठ्ठ्या लाव, कारण उघडून ठेवलेल्या सायकलचे छर्रे आणि कॉटर पिना (पॅडलचा दांडा, म्हणजे क्रँक, घट्ट धरणाऱ्या पाचरी) तीन महिन्यांत कुठल्या कुठल्या होतात. किती ठेवायच्या हा आकडा तू एकटीने ठरवू नकोस, मीही सांगणार नाही. तो दोघांनी मिळून ठरवा. एक मात्र माझ्याकडून घे: स्टँडवर एका वेळी एकच. ती चालवून ऑफिसला जाऊन आल्याशिवाय दुसरीचा नट ढिला करायचा नाही.

हे करून बघितलंस आणि तरी घेणं थांबलं नाही, पुन्हा लपवलंस, पुन्हा पैसे काढलेस, विकताना झोप उडाली, तर समुपदेशकाकडे जा. त्यात कमीपणा नाही. खरेदी करत राहण्याच्या सवयीवर काम करणारे लोक असतात, त्यांना सायकलींतलं काही कळत नसलं तरी चालतं. उलट बरंच, तू त्यांना आट्यांची कारणं सांगून गुंडाळू शकणार नाहीस.

आणि ते पंक्चर. सगळ्या पत्रात ते वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस. जिला अडकलेली कॉटर पिन क्रँक न दुखावता काढता येते, तिच्या घरात मुलाची सायकल महिनाभर बसलेली आहे आणि तो मागे लागायचा थांबलाय. का थांबलाय, ते तुला समजावून सांगायची गरज नाही. आज घरी गेल्यावर ते काढ. त्याला शेजारी बसव. ट्यूब पाण्यात त्याला धरू दे, बुडबुडे कुठून येतात ते त्याला शोधू दे, घासून सोल्युशन लावल्यावर ते वाळेपर्यंत थांबायचं असतं, हेही त्याला कळू दे. पॅच वाकडा बसला तर बसू दे, उचकटून पुन्हा लावू नकोस.

राहता राहिली हंबर. नाही, या रविवारी जायचं नाही. दुहेरी काड्यांचा तो चिमटा देखणा असतो, कबूल. पण ‘आणखी एक गिऱ्हाईक येणार आहे’ हे विकणारे नेहमीच म्हणतात. खरंच येत असेल तर नेऊ दे त्याला. हंबरने तसे चिमटे कित्येक वर्षं लावले, पुढेही एखादी नजरेस पडेल. विकणाऱ्याला आजच कळव की येत नाही. ‘बघते’, ‘कळवते’ असलं काही लिहू नकोस. पुढे केव्हातरी ठेव भरून झाली आणि नवऱ्याला आधी सांगून गेलीस, तर एखादी हंबर अवश्य बघ. त्यालाही बरोबर ने. तो कंटाळेल, पण ने.

— तुझी मावशी