बाळगायचं पिस्तूल हाताच्या मापाचं घ्या

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गुळाचा व्यापार, सौदे आटोपल्यावर रोख घेऊन रात्री मार्केट यार्डातून घरी जाणं, परवाना नुकताच मंजूर झालेला. आणि आता विचारताय की खिशात बसेल असं सगळ्यात छोटं पिस्तूल कोणतं घ्यावं आणि चालवायला शिकावं कसं. मी सतरा वर्षं कोल्हापुरातल्या दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर नेम धरतोय, त्यातली बारा वर्षं परवानाधारक म्हणून. पहिली दोन वर्षं मी मिळालं तेवढं छोटं रिव्हॉल्व्हर घेऊन फिरलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हिडिओ बघून ९ मिमी डोक्यात असेल तर ते काढून टाका. आपल्याकडे ते प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) येतं, सामान्य परवान्यावर मिळत नाही. तुमच्यापुढे खरी निवड आहे ती .३२ इंच बोअरमधली: रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. दोघांची काडतुसं वेगळी असतात, हे दुकानात जाण्याआधीच माहीत असू द्या. सरकारी कारखान्यांची अशनी पिस्तूल आहे, २०१४ साली आलेली निर्भीक रिव्हॉल्व्हर आहे, २०२३ ची प्रबल रिव्हॉल्व्हर आहे. निर्भीक जेमतेम अर्ध्या किलोची, त्यामुळे दुकानात हातात घेतली की लगेच आवडते. पण हलकेपणाची किंमत गोळी झाडताना मोजावी लागते.

ती कशी, ते सांगतो. नेम धरायची नळीवरची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात १० सेंटीमीटर अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी १० सेंटीमीटर बाजूला जाते. तेच अंतर २० सेंटीमीटर असेल तर चूक निम्म्यावर येते. त्यात हत्यार अर्धा किलोचं, आणि घोडा न चढवता थेट चाप ओढायचा तर बऱ्याच रिव्हॉल्व्हरना चार-पाच किलोंचा जोर लागतो. तेवढ्या जोरानं बोट आत येताना आख्खी मूठ हलते. करंगळीला टेकायला जागा नसेल तर आणखीच हलते. म्हणून दुकानात खिसा मोजत बसू नका. मूठ धरा, तिन्ही बोटं दांड्यावर पुरती बसतात का बघा, पहिल्या बोटाचं टोक ओढाताण न करता चापापर्यंत पोचतं का बघा. पिस्तूल असेल तर वरची स्लाइड स्वतः मागे खेचून बघा. लहान पिस्तुलांची स्प्रिंग अनेकदा चांगलीच कडक असते. नवख्या माणसाला मी रिव्हॉल्व्हरच सांगतो. सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, उघडला की भरलंय का रिकामं ते डोळ्यांना दिसतं. पिस्तुलाचं मॅगझिन काढून ‘रिकामं झालं’ असं समजणारी आणि चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला आधीच चढलेली, गोळी विसरणारी माणसं मी पाहिलीत.

माझंच सांगतो. १० मीटरवर माझ्या गोळ्या सारख्या खाली-डावीकडे जायच्या. मी दोष हत्याराला द्यायचो. रेंजवरच्या एका ज्येष्ठांनी माझ्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, पाठ फिरवून सिलिंडरमध्ये तीन खरी काडतुसं आणि तीन आधीच उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या भरल्या, कुठली कुठं ते मला न सांगता. पहिली गोळी उडाली. दुसऱ्याला नुसतं ‘टक्’ झालं आणि नळीचं तोंड सरळ जमिनीकडे गेलं. आवाज नाही, धक्का नाही, तरी माझा हात खाली दबला होता. धक्का यायच्या आधीच मी त्याला घाबरत होतो. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

तुमची ती दोन वर्षं वाचावीत एवढीच इच्छा आहे. सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलानं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलानं करा. ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलच्या आतली शक्ती असेल तर त्याला परवाना लागत नाही, आणि पेलेट, म्हणजे त्याचे छर्रे, स्वस्त. त्याच्या लक्ष्याच्या कागदावरचं मधलं, दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं असतं. चाप कुठं झटकला ते कागद लगेच सांगतो. तीन महिने आठवड्यातून दोनदा. घरी रिकाम्या हत्यारावर सराव करायचा तर काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबर दोनदा तपासलेला, आत डमी काडतुसं आणि समोर पक्की भिंत. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवून चाप ओढा. नाणं पडायचं थांबलं की मगच खऱ्या गोळ्यांकडे या.

पुढचा सराव आपल्या कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिच्या प्रकारातून घ्या. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिनं २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. त्यातल्या जलद फेरीत हात ४५ अंशांत खाली ठेवून सात सेकंद थांबायचं, मग तीन सेकंदांत हात उचलून एकच गोळी. असं पाच वेळा. घाईत नेम आणि चाप दोन्ही सांभाळायला शिकवणारा यापेक्षा चांगला सराव मला माहीत नाही. अंतर मात्र तुम्ही १० मीटरच ठेवा.

हे सगळं रेंजवर, परवानगीनं. ‘आमच्या शेतात उडवून बघतो’ हे मी इथं फार ऐकतो. उसाच्या फडात पलीकडे पाणी पाजणारा कोण आहे, तोडकऱ्यांची पोरं कुठं खेळतायत, काही दिसत नाही आणि पाला गोळी अडवत नाही. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणं २०१९ च्या दुरुस्तीपासून वेगळा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बाळगताना चाप पूर्ण झाकणारा होल्स्टर, म्हणजे हत्याराचं म्यान, घ्या. किल्ल्या ठेवता त्या खिशात हत्यार कधीही नको. आपला पावसाळाही लक्षात घ्या. कातडी होल्स्टर घाम आणि ओल धरून ठेवतो. जूनमध्ये कपाटात तसंच ठेवलेलं हत्यार गणपतीला काढलं तर गंज दिसणारच. घरी आल्यावर बाहेर काढा, पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा, मग कुलपात.

दुकानात ॲडव्हान्स देण्याआधी एकदा रविवारी सकाळी दुधाळीला या. माझं एअर पिस्तूल असतंच, शंभर पेलेट मारून बघा. तुमच्या मुठीला काय बसेल ते तिथंच बोलू.