जुन्या पिढीतील शिक्षिकांनी शाळा आणि मोठे कुटुंब दोन्ही कसे सांभाळले असेल?

तुम्ही विचारले आहे की, खेड्यात राहून आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या जुन्या पिढीतील स्त्रियांनी नोकरी आणि एकत्र कुटुंब या दोन्हींचा भार कसा पेलला असेल, आणि असे आयुष्य कोणी जवळून पाहिले आहे का. मी पाहिले आहे. माझी आजी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात शिक्षिका होती. नव्वदी ओलांडून ती गेली तेव्हा आमच्या घरातील चार पिढ्या तिच्या शब्दाने चालत होत्या आणि गावातील बहुतेक घरांत तिच्याकडून मुळाक्षरे गिरवलेले कोणी ना कोणी होते. तिच्याबद्दल मी जे लिहितो आहे त्यातील काही माझ्या डोळ्यांदेखतचे आहे, तर काही आत्यांकडून आणि गावातील म्हाताऱ्या बायांकडून ऐकलेले आहे.

तिला नोकरी लागली तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. सातवीची, म्हणजे त्या वेळच्या बोलीत ‘फायनल’ची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलीला प्राथमिक शाळेत घेत असत, नॉर्मल स्कूलचे प्रशिक्षण पुढे सवडीने पूर्ण करायचे. शाळा जनपद सभेची, म्हणजे त्या वेळच्या तालुका पातळीवरील स्थानिक स्वराज्य संस्थेची होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून शाळा जिल्हा परिषदेकडे आली. एकाच तालुक्यात राहून तिने तीन राज्यांची चाकरी केली. मात्र वर्गातील परिस्थिती फारशी बदलली नाही: दोन खोल्या, दोन शिक्षक, चार वर्ग. पहिली-दुसरी एका खोलीत तिच्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे.

तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर सांगायचे तर तिने घर आणि शाळा यांच्यासाठी दोन वेगळ्या पद्धती कधी ठेवल्याच नाहीत. तिची पद्धत एकच होती आणि ती हजेरीपटावरून आली होती. कोण आले यापेक्षा कोण आले नाही याकडे तिचे लक्ष असे, आणि जे आले नाही त्याच्या दारात ती त्याच दिवशी उभी राहत असे.

आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला कापसाची वेचणी सुरू होते आणि पुढे संक्रांतीनंतरही चालते. या दिवसांत वर्गातील मुली एकेक करून कमी होत. काही आईबरोबर वेचायला जात, काही घरी राहून धाकट्यांना सांभाळत. आजी संध्याकाळी घरोघरी जाई, तेव्हा तिला बहुधा एकच उत्तर मिळे: “बाई, पोट्टी शाळेत आली तं वेचाले कोन जाईन?” या प्रश्नाला तिने कधी उपदेशाने उत्तर दिले नाही, कारण त्या घराला त्या मजुरीची गरज आहे हे तिला ठाऊक होते. कडेवरचे भावंड घेऊन वर्गात बसण्याची मुभा तिने दिली आणि वेचायला जाणाऱ्या मुलींना दिवेलागणीनंतर आमच्या ओसरीवर बोलावले. कंदिलाच्या उजेडात त्या मुली पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणत असत. लांब गैरहजेरीमुळे नाव कमी करण्याची वेळ येऊ नये, एवढेच तिचे उद्दिष्ट असे. एकदा कमी झालेले मुलीचे नाव पुन्हा चढत नाही, हा तिचा अनुभव होता.

ओसरीवरचा हा वर्ग मुलींपुरता राहिला नाही आणि त्याचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे होतात सव्वासहा पैसे, आणि तसे नाणे तर नसते. म्हणून एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ असे कोष्टक ठरले. बाजारात अडाणी माणसाकडून आण्यापोटी सात पैसे सहज घेतले जात. आजीने हे कोष्टक शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बायकांकडून ते पाठ करून घेतले. पुढे वजनेही बदलली. मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ मध्ये सक्तीची झाली. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. शेराची मजुरी जशीच्या तशी किलोला लावली, तर दर किलोमागे सुमारे ६७ ग्रॅम कापूस बाईने फुकट वेचला असा त्याचा अर्थ होतो. हे तिने वेचणाऱ्या बायकांना मांडून दाखवले. गावातील काही शेतकरी त्यावरून नाराज झाले, आणि त्यांत आमच्याच भावकीतले लोक होते. मजुरी किती द्यायची ते तुम्ही ठरवा, पण माप त्यांना कळले पाहिजे, असे तिने त्यांना सांगितल्याचे आजही बोलले जाते.

आता घराविषयी. घर मोठे होते: आजोबा, त्यांचे दोन भाऊ, जावा, मुले आणि आजीची सासू. शेती कोरडवाहू, तूर आणि कापूस. महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा एकट्या आजीचा. त्या पगारातून धाकट्या दिरांचे शिक्षण झाले, नणंदांची लग्ने झाली आणि विहीर खोदली गेली. पण मिळवत्या सुनेला त्या काळी जो मान घरात मिळाला असे आपण समजतो, तो तिला पगारामुळे मिळाला नाही असे माझे मत आहे. तो मिळाला तिच्या वहीमुळे. एका लांब वहीत ती घरातील प्रत्येकाच्या नावाचे पान ठेवत असे: जन्माची तिथी आणि तारीख, देवीची लस, परीक्षेची फी, आजारपण, कोणाचे लुगडे कधी घेतले, कोणती सून माहेरी जाऊन किती महिने झाले. एखादी जाऊ दोन दिवस गप्प असली तर आजी तिला घेऊन नदीवर धुणे धुवायला जाई आणि परत येईपर्यंत तिच्या मनातले तिला कळलेले असे.

आजोबा वारले तेव्हा जमिनीच्या फेरफाराचा विषय निघाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मतः हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. माझ्या आत्यांची लग्ने आधीच झालेली होती. आजोबांच्या वाट्यात त्यांचा हक्क होताच, पण रिवाज असा की भाऊ कागद तयार करतात आणि बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून, साडी-चोळी घेऊन परत जातात. कागद तयार झालेही होते. आजीने ते वाचले आणि माझ्या वडिलांना म्हणाली, “हजेरीतून नाव कमी करायचं तर शेऱ्यात कारण लिहावं लागते. हिच्या नावापुढे काय कारण लिहू, सांग.” वडिलांना ते लगेच रुचले नाही, काका तर काही महिने धड बोलत नव्हते. तरीही तलाठ्याकडे सर्व वारसांची नावे लागली आणि ती आजही सातबाऱ्यावर आहेत. आमच्या भागातील सातबारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही गोष्ट किती विरळ आहे हे वेगळे सांगायला नको.

म्हातारपणाविषयी फार लिहीत नाही. पाय थकले तेव्हा ती फोनवरून चौकशी करू लागली, आणि पोळ्याला कोणते नातवंड गावी आले नाही याची विचारणा दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याच्या आत होत असे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण तुमच्या प्रश्नातील ‘कसे’ हा शब्द तिच्याशिवाय अपुरा राहतो. आजीने हे एकटीने केले नाही. ती शाळेत असे तेव्हा तिची सासू चुलीपाशी असे, आणि सासू अंथरुणाला खिळल्यावर ती जागा माझ्या मोठ्या आत्याने घेतली. सातवीनंतर आत्याची शाळा सुटली. गावातील प्रत्येक गैरहजर मुलीच्या दारात जाणाऱ्या बाईची स्वतःची मुलगी घरी बसली होती, आणि आजीला हे कळत नव्हते असे नाही. आत्या सांगते की तिच्या नावाच्या पानावर आजीने शाळा सुटल्याची तारीख लिहिली होती आणि पुढे कारण म्हणून ‘माझ्यामुळे’ असा एकच शब्द होता. धाकटी भावंडे हाताशी आल्यावर आजीने तिचा सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा फॉर्म भरला. तेव्हा आत्याचे लग्न झाले होते आणि पदरात मूल होते. त्या मुलाला परीक्षेच्या दिवसांत आजी रजा घेऊन सांभाळत बसली. आत्या दहावी झाली, आणि आमच्या भागात अंगणवाड्या सुरू झाल्या तेव्हा सेविका म्हणून लागली. ती आता सेवानिवृत्त आहे. आजीची वही तिच्याकडेच आहे आणि घरात नवे मूल जन्माला आले की त्याच्या नावाचे पान तीच उघडते.