परदेशात हौशी शिकार म्हणून एअर रायफल (छऱ्याची बंदूक) आणि नकली कावळे वापरून कावळे कसे मारतात? आपल्याकडे तसं करता येईल का?

आधीच सांगून टाकतो, मी स्वतः बंदूक चालवत नाही. इंग्लंडमध्ये हेरिफर्डशरला, वेल्सच्या हद्दीजवळच्या एका खेड्यात राहतो. शेजारी एक म्हातारा मेंढपाळ आहे. गेली तीन वर्षं मार्च-एप्रिलमध्ये त्याच्यासोबत लपणात, म्हणजे दडून बसायच्या आडोशात, बसतोय. थर्मास माझ्याकडे, बंदूक त्याच्याकडे. तेव्हा हे उत्तर शिकाऱ्याचं नाही, शिकाऱ्याशेजारी गारठत बसणाऱ्याचं आहे.

तुम्ही 'हौशी शिकार' असा शब्द वापरलाय. इथल्या मेंढपाळाला तो आवडणार नाही. मार्च-एप्रिल हे मेंढ्या विण्याचे दिवस. पहिलं कोकरू बाहेर पडलेलं असतं, मेंढी दुसऱ्याच्या कळा देत आडवी असते, आणि तेवढ्यात कावळा येऊन ओल्या कोकराचे डोळे आणि जीभ टोचतो. कधी कोकरू अर्धवट बाहेर असतानाच. एखादी जडावलेली मेंढी पाठीवर उलटी पडली की तिला आपलं आपण उठता येत नाही. तिचीही तीच गत. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, ही आपली म्हण मी एकदा म्हाताऱ्याला समजावून सांगितली. तो म्हणाला, "शापाने नसेल मरत, पण चोचीने मरते."

इथला हा कावळा म्हणजे कॅरियन क्रो, आपल्या डोमकावळ्यासारखा पूर्ण काळा. आपल्या गावकावळ्यासारखी राखाडी मान इथे दिसते ती जॅकडॉ या दुसऱ्या जातीच्या कावळ्याची, पण तो चणीने बराच लहान. रूक या तिसऱ्या जातीच्या चोचीच्या मुळाशी पांढरट उघडी कातडी असते. आणि रेव्हन, तो मोठा, पाचरीसारख्या शेपटीचा, त्याला हात लावायचा नाही. तो पूर्ण संरक्षित आहे. लांबून, धुक्यात, आकाशाच्या पार्श्वभूमीवर हे सगळे नुसते काळे दिसतात. म्हणून ओळख पटली नाही तर बंदूक खाली. हा नियम म्हातारा काटेकोर पाळतो.

कायदा थोडक्यात. इंग्लंडमध्ये सगळे जंगली पक्षी मुळात संरक्षित, कावळासुद्धा. पण पशुधनाचं किंवा पिकांचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी सरकार एक सर्वसाधारण परवाना काढतं. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण अटी पाळाव्या लागतात: जमिनीच्या मालकाची परवानगी हवी आणि आधी पक्षी हुसकावण्याचे साधे उपाय करून पाहिलेले हवेत. मजा म्हणून मारला तर तो गुन्हाच. 2019 च्या एप्रिलमध्ये, ऐन विणीच्या हंगामात, 'वाइल्ड जस्टिस' या वन्यजीवांसाठी लढणाऱ्या संस्थेने कायदेशीर आव्हान दिल्यामुळे जुने परवाने अचानक रद्द झाले होते. मग काही दिवसांतच कावळ्यापुरता वेगळा परवाना काढावा लागला. त्या गोंधळाबद्दल आमचा म्हातारा आजही बोलू लागला की थांबत नाही. त्याचा राग मला समजतो, पण कारण न विचारता सरसकट मारण्याला कोणीतरी जाब विचारला हेही बरंच झालं, असं माझं मत आहे. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

आता नकली कावळ्यांकडे येतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. हे बुजगावण्याच्या अगदी उलटं काम. प्लास्टिकचे कावळे दुकानात मिळतात, पण गुळगुळीत प्लास्टिक उन्हात किंवा दवात चमकतं आणि खरा कावळा शंभर मीटरवरूनच वळून जातो. म्हणून वर मखमलीसारखी लव चिकटवलेले घ्यायचे. मांडणी ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळा संपताना कापणी झालेल्या शेतात कावळे, रूक, जॅकडॉ सगळे घोळक्याने उतरतात, तेव्हा आठ-दहा नकली कावळे ऐसपैस पसरून ठेवतात. तोंडं साधारण वाऱ्याकडे, कारण खरे पक्षीही तसेच उभे राहतात. फार दाटीने ठेवले तर ते घाबरून एकत्र आल्यासारखे दिसतात. एक कुंपणाच्या खांबावर, पहारेकऱ्यासारखा.

वसंतात मात्र घोळका ठेवून उपयोग नाही. तेव्हा प्रत्येक जोडीची आपापली हद्द ठरलेली असते. तिथे एक किंवा दोनच नकली कावळे ठेवायचे, समोर पोट फाडलेला ससा. हद्दीचा मालक बघतो की कोणी परका येऊन आयतं खातोय, आणि त्याचं डोकं फिरतं. भुकेपेक्षा भांडणापायीच तो खाली उतरतो. दुसरी युक्ती घुबडाची. प्लास्टिकचं मोठं घुबड खांबावर ठेवलं की आसपासचे कावळे कलकलाट करत त्याच्यावर तुटून पडतात. पण हे फार दिवस चालत नाही. दोन-तीनदा फसले की त्याच शेतातले कावळे घुबडाकडे ढुंकून बघत नाहीत. जिवंत पक्षी बांधून त्याचं आमिष करायला इथल्या कायद्याने बंदी आहे, ते योग्यच.

आणखी एक. मेलेला कावळा पंख पसरून उताणा पडला की तोच बुजगावणं होतो. तो लगेच उचलायचा.

लपण म्हणजे कुंपणाच्या झाडीला लागून चार काठ्या आणि जाळी. आत अंधार असतानाच शिरायचं. हिरवे कपडे सगळेच घालतात, दगा देतात ते चेहरा आणि हात. अंधाऱ्या झाडीत ते पांढरेफटक चमकतात. माझा रंग त्या कामाला बरा, असं म्हातारा म्हणाला होता. तरी जाळीचा बुरखा मलाही घालावा लागला.

बंदुकीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इथे विनापरवाना एअर रायफलच्या ताकदीची मर्यादा 12 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 16 जूल. स्कॉटलंडमध्ये मात्र 2016 च्या अखेरीपासून प्रमाणपत्र लागतं. एवढ्या ताकदीत कावळा स्वच्छ मारायचा तर अंतर तीस-पस्तीस मीटरच्या आत, आणि नेम डोक्यावर. आधी कागदावर तीस मीटरवरून पाचही छर्रे रुपयाच्या नाण्यात बसत नसतील, तर जिवंत पक्ष्यावर नेम धरायचा नाही. उडत्या कावळ्यावर तर कधीच नाही. 4.5 मिमीचा छर्रा सरळ जातो, 5.5 चा वजनदार पण लवकर खाली येतो. म्हातारा 4.5 वाला आहे, आणि या विषयावर तो गावातल्या दारूच्या गुत्त्यात भांडतोही.

पहिल्या सकाळी साडेचार तास बसलो. एक जोडी आली, ओकच्या शेंड्यावर बसली, नकली भाऊबंदांकडे बघत राहिली. म्हातारा श्वास रोखून. आणि मला एकदम नाशिकचा घाट आठवला. वडिलांचा दहावा. पिंड ठेवून आम्ही सगळे मागे सरकलो होतो, कावळा समोरच्या पिंपळावर, आणि काका हात जोडून म्हणत होते, "मुलीच्या लग्नाचं मी बघतो, शिव आता." तिथेही तो पाऊण तास आला नव्हता. मला लपणात हसू आलं, जाळी हलली, जोडी उडाली. त्या दिवशी म्हातारा माझ्याशी फक्त चहापुरता बोलला. नंतरच्या आठवड्यात त्याने दोन मारले. त्यातल्या एका वेळी मी मुद्दाम गेलो नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आपल्याकडे: नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पूर्वी गावकावळा पाचव्या अनुसूचीत, उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी, म्हणजे मारायला मोकळीक असलेला, म्हणून होता. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली, आणि ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. त्यामुळे 'कावळा मारला तर चालतो' हे गावात अजून सांगतात ते जुनं झालं. छऱ्याची बंदूक बिनपरवाना मिळते म्हणजे तिने काहीही मारता येतं, असाही त्याचा अर्थ नाही. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 20 जुलांहून जास्त ताकद किंवा 4.5 मिमीहून मोठी नळी असेल तर परवाना लागतोच. कोंबडीची पिल्लं कावळे पळवतात म्हणून विचारलं असेल, तर खुराड्यावर जाळी टाका आणि पिल्लं थोडी मोठी होईपर्यंत मोकळी सोडू नका.